पेजस्पीड इनसाइट्स: आंबेवाल्यांनी जरूर वापरावं

देवगडचा हापूस आम्ही बागेतून थेट घरपोच पाठवतो. गिऱ्हाईक गूगलवर शोधत येतं, तेही मोबाइलवरून. पान उघडायला वेळ लागला की आल्या पावली परत! पान किती वेगानं उघडतं हे तपासणारं गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट आहे. वेबसाइटचा पत्ता टाकला की मोबाइल आणि डेस्कटॉपचे गुण वेगवेगळे दाखवतं. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, हा त्याचा निकष. आमच्या पेटीच्या भल्यामोठ्या फोटोवर त्यानं नेमकं बोट ठेवलं. तो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फोटोच्या प्रकारात हलका करून घेतला आणि पान झटकन उघडू लागलं. मात्र डझनाचा भाव, फळाचं वजन, पेटी कधी पोचेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण सगळ्यात वर हवं, हे ते सांगत नाही. त्यासाठी शेजारच्या काकूंच्या हाती मोबाइल द्या आणि एक पेटी मागवायला सांगा.