टेकडीवरचा ट्रान्समीटर: डिझेल की सोलर?

सामुदायिक रेडिओचं नवं केंद्र उभं करणारी मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो: बॅकअपला जनरेटर घ्यावा की सोलर बसवावं? आम्ही दोन्ही वापरलंय. आमचं केंद्र सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आहे, स्टुडिओ गावात आणि ट्रान्समीटर टेकडीवर. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ३० मीटरच्या आतला मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, ही चौकट बहुतेकांना सारखीच, त्यात शिरत नाही. एवढ्या ताकदीत लांबच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचायचं तर उंची लागते, म्हणून टेकडी. आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात लाइट जाते ती आधी टेकडीवरची.

जनरेटरबद्दल आधी चांगलं सांगतो. सुरुवातीचा खर्च कमी. तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा मिस्त्री मिळतो, पार्ट मिळतात. आभाळ भरलेलं असो, रात्र असो, डिझेल आहे तोवर तो चालतो. स्टुडिओत एसी असेल तर त्याचा लोड ओढायला जनरेटरच बरा.

पण आपल्या कामाला तो फार मोठा पडतो. ५० वॅटचा ट्रान्समीटर भिंतीवरच्या प्लगमधून साधारण सव्वाशे-दीडशे वॅट ओढतो. बाजारात मिळणारा लहानातला लहान डिझेल सेट याच्या कितीतरी पट असतो. इतक्या हलक्या लोडवर डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, आत काजळी धरते, आणि डिझेल मात्र लोडच्या मानाने भलतंच पितं.

हेही चालवून घेतलं असतं. आमचा निर्णय ठरवला तो दुसऱ्याच गोष्टीने: टेकडीवर जायचं कोणी? लाइट गेली की कुणीतरी उठायचं, कॅन घ्यायचा, गाडी पायथ्याला लावून वर चढायचं. पावसात ती वाट निसरडी होते. तोवर हवेत शांतता. आमच्या ऐकणाऱ्या बऱ्याचशा बायका रानात काम करताना फोनवर रेडिओ लावतात. दहा मिनिटं आवाज आला नाही की त्या स्टेशन बदलतात, आणि त्या दिवशी पुन्हा परत येतील याची खात्री नाही. बाजारभाव, टँकर कधी येणार, लसीकरण कुठे आहे, हे ज्या वेळेला सांगायचं ती वेळ निघून जाते. आमच्याकडे हे चढउताराचं काम दोन तरुण करायचे. एक पुण्याला कामाला गेला आणि दुसऱ्यावर सगळा भार आला. केंद्र चालू राहणं एका माणसाच्या पायांवर अवलंबून असावं, हे मला मान्य होईना.

यावर कुणी म्हणेल, ऑटो-स्टार्टचं पॅनेल बसवा. बसवता येतं. पण त्याची स्टार्टिंगची बॅटरी उतरली की तेही गप्प बसतं, आणि टाकी भरायला माणूस लागतोच. मधला खंड भरायला इन्व्हर्टरही हवा. म्हणजे बॅटरीचा खर्च आलाच. मग वर सोलर पॅनेल टाकली की अर्ध्याहून जास्त वाट चालून झालेली असते.

आम्ही टेकडीवर एक किलोवॅटची पॅनेल आणि ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी बसवली, फक्त ट्रान्समीटर आणि लिंकपुरती (लिंक म्हणजे स्टुडिओतला आवाज टेकडीवर पोचवणारी जोडणी). आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. बारा तासांच्या प्रसारणाला ट्रान्समीटर दोन युनिटांच्या आतच भागवतो. दोन दिवस ढगाळ गेले तरी आमचा आवाज बंद पडलेला मला आठवत नाही. लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण डिस्टिल्ड वॉटर घालायला पुन्हा टेकडी चढायची. शिवाय एप्रिल-मेच्या तापत्या खोलीत ती लवकर बसते. काही ट्रान्समीटरना मागे डीसीची, म्हणजे थेट बॅटरीवर चालायची, जोडणी असते. कोटेशन मागवताना ते जरूर विचारा, म्हणजे मधला इन्व्हर्टर वगळता येतो.

सोलरचाही त्रास आहे. उन्हाळ्यात पॅनेलवर धुळीचा थर बसतो, तो पुसावा लागतो. चोरीची भीती आहे; आम्ही नटबोल्ट वेल्ड करून घेतले. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा, बिघडला तर मिस्त्री तालुक्याला मिळेलच असं नाही, म्हणून एक जादा आणून ठेवावा. आभाळातल्या विजेपासून बचावाचं अर्थिंग दोन्हीकडे सारखंच लागतं, तिथे काटकसर करू नये.

तुमचं केंद्र कोकणात किंवा घाटमाथ्यावर असेल तर माझं म्हणणं थोडं सैल धरा. जुलैमध्ये तिथे आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. तिथे दुप्पट पॅनेल किंवा सोबतीला लहान जनरेटर ठेवणं शहाणपणाचं. पण एकट्या डिझेलवर तिथेही विसंबू नये असं मला वाटतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवड्याहून जास्त काळ लाइट नव्हती, मोबाइल टॉवर बंद पडले होते, रस्त्यांवर झाडं आडवी होती. अशा वेळी डिझेलचा कॅन केंद्रापर्यंत पोचणार कसा? आणि रेडिओची खरी गरज तर त्याच दिवसांत असते.

पैसे कमी असतील तर सगळं एकदम करू नका. आधी टेकडी सोलरवर घ्या, स्टुडिओ साध्या इन्व्हर्टरवर चालू द्या. टेकडीवरच्या खोलीत मेमरी कार्डवर चालणारा एक लहान प्लेअर जोडून ठेवा, त्यात रेकॉर्ड केलेले कार्यक्रम भरून. गावातली लाइट जाऊन लिंक तुटली तरी हवेत काहीतरी चालू राहतं, आणि स्टुडिओतल्या माणसाला सावरायला वेळ मिळतो. जनरेटर आधीच घेतलेला असेल तर विकू नका, स्टुडिओच्या मागे राहू द्या. आमचाही तिथेच आहे. महिन्यातून एकदा लोड टाकून चालवतो.