सिमेंट की फॉस्फरिक? भट्टीची राख बांधताना

नाशकात राख म्हटलं की लोकांना एकलहऱ्याच्या वीज केंद्राची आठवते. ती विटांत जाते, सिमेंटमध्ये जाते, तिला गिऱ्हाईक आहे. आपली राख वेगळी. दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या बॅग फिल्टरखाली (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांखाली) साचणारी पांढुरकी भुकटी: शिसं, जस्त, थोडं कॅडमियम, भरपूर मीठ आणि धुरातलं आम्ल मारायला फवारलेल्या चुन्यातला उरलेला चुना. ही कुणी फुकटही नेत नाही. धोकादायक कचऱ्याचे २०१६ चे नियम तुम्हाला पाठच असतील. चाचणीत राखेतून उतरलेल्या पाण्यात शिसं लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १. त्यापुढे गेली की राख धोकादायक. प्रश्न एवढाच, की रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राची गाडी भरण्याआधी ती आपल्याच आवारात बांधायची, म्हणजे तिच्यातले धातू पाण्यात उतरणार नाहीत असं करायचं ठरवलं (प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात तशी नोंद आहे असं धरतो), तर कशाने?

मी तीन पावसाळे सिमेंट वापरलं, मग फॉस्फरिक आम्लाकडे वळलो. तेव्हा तराजू माझ्या हातात आहे हे धरूनच वाचा.

सिमेंटची बाजू खरंच भक्कम आहे. माल कुठेही मिळतो, शिकवावं लागत नाही, धूळ त्याच दिवशी बंद होते. शिवाय ब्लॉक डोळ्यांना दिसतो. पाहणीला आलेल्या माणसाला ठोकून दाखवता येतो, आणि त्या आवाजावर तोही अर्धा खूश होतो.

अडचण शिशाच्या स्वभावात आहे. ते आम्लात विरघळतं, तसंच कडक अल्कलीतही विरघळतं. सामू (pH) ९-१०च्या आसपास असला की गप्प बसतं, १२च्या वर गेला की पुन्हा सुटतं. आपली राख चुन्यामुळे आधीच १२च्या पुढे, त्यात सिमेंट आणखी भर घालणार. प्रयोगशाळेत नमुना वीसपट वजनाच्या ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात १८ तास फिरवतात. ते आम्ल आपल्या चुन्यातच खर्ची पडतं आणि शिसं अल्कलीच्या वाटेने बाहेर येतं. माझे दोन नमुने असेच नापास झाले. जस्त आणि शिसं सिमेंटचं आळणंही लांबवतात, ते वेगळंच.

तरी खरं सांगतो, मी सिमेंट सोडलं ते शिशापायी नाही. फुगण्यापायी सोडलं.

आम्ही भट्टीच्या बुडाशी उरणारी राख चाळून तिचा बारीक भागही त्याच मिक्सरमध्ये घालत होतो. त्यात गोळ्यांच्या पाकिटांच्या पन्नीचे तुकडे. पन्नी म्हणजे ॲल्युमिनियम. कडक अल्कलीत ते हायड्रोजन सोडतं. बांधकामाचे हलके, सच्छिद्र एएसी ब्लॉक करताना हीच गंमत मुद्दाम करतात. आमच्याकडे ती आपोआप व्हायची. संध्याकाळी साच्यात सपाट भरलेला माल सकाळी कडेच्या वर आलेला, मधोमध भेग. मिक्सरवरचे मामा पहिल्यांदा हाक मारायला आले ते, “साहेब, इडल्या फुगल्यात,” म्हणत. हसलो, आणि मग बिडी विझवायला सांगितली, कारण वायू हायड्रोजन होता. पुढे ते नेहमीचंच झालं. फुटलेला ब्लॉक घणाने फोडा, धूळ उडवा, परत कालवा, परत क्युरिंग. छपराखाली जागा संपली की ब्लॉक बाहेर. जुलैत त्या भेगांतून मीठ उतरून अंगणात पांढरे ओघळ. ज्या धुळीसाठी सिमेंट घेतलं, तीच घणाच्या घावागणिक परत येत होती.

फॉस्फरिक आम्लातल्या फॉस्फेटचं काम निराळं. ते राख जखडून ठेवत नाही, शिशाचं रूपच बदलतं. शिसं, फॉस्फेट आणि राखेतलंच क्लोराइड मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं, आणि ते पाण्यात विरघळायला फार नाखूश असतं. माल ओलसर, भुसभुशीत राहतो. हायड्रोजन इथेही सुटतो, तेव्हा शेड उघडी हवीच. पण तो पोकळीतून निघून जातो, फोडायला काही उरत नाही. शंभर किलो राखेत मी तीस-चाळीस किलो सिमेंट घालत असे. आम्ल आठ-दहा किलोत भागतं, वर पाणी. विल्हेवाटीचं बिल टनावर असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

त्रास इथेही आहेत. सुरुवातीला स्वस्तात होईल म्हणून कृषी सेवा केंद्रातून डीएपी (अमोनियम फॉस्फेटचं खत) आणलं. चुन्याला भेटताच त्यातला अमोनिया असा उसळला की दहा मिनिटांत शेड रिकामी. त्यातून आम्लावर आलो. आम्ल आधी चुना खातं, मगच शिशाकडे वळतं; म्हणून दर घाण्याला सामू तपासा. जास्त पडलं तर कॅडमियम-जस्त सुटायला लागतं. हळूहळू सोडा, राख तापते, फसफसते. आणि साध्या लोखंडाची पाती टिकत नाहीत. पहिला संच मी वर्षाच्या आत घालवला.

तिसरा पर्याय डायथायोकार्बामेटचा, म्हणजे धातूंना पकडून ठेवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचा. द्राक्षबागेत मँकोझेब हे बुरशीनाशक मारणाऱ्याला हे कूळ ओळखीचं. कॅडमियमला तो फॉस्फेटपेक्षा सरस, पण महाग, आणि वासाने शेजारचे कारखाने दारात येतात. कॅडमियम काठावर असलेल्या घाण्यापुरता एक ड्रम ठेवतो, बस.

मीठ मात्र यातलं कुणीच नीट धरत नाही. छप्पर दोन्हीकडे लागणारच.

तुमच्या राखेत चुना कमी असेल, पन्नी येत नसेल, जागा ऐसपैस असेल, तर सिमेंटला नावं ठेवायचं मला कारण नाही. ठरवण्याआधी बादलीभर राख सिमेंटमध्ये कालवून रात्रभर झाकण न लावता ठेवा आणि सकाळी कड बघा. आमच्याकडचे शेवटचे अकरा ब्लॉक अजून भिंतीशी आहेत. फोडायचं नाव काढलं की मामांना त्या दिवशी गावी काम निघतं.