वेंगुर्ल्याच्या घरावरचा कॅमेरा: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

वेंगुर्ल्याजवळचे आमचे घर वर्षातले नऊ-दहा महिने बंद असते आणि आम्ही मुंबईत असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पडवीची कौले उडाल्याचे आम्हांला दोन दिवसांनी, शेजारच्या काकांचा फोन लागल्यावर कळले. बाहेर एखादा कॅमेरा असावा हा विचार तेव्हापासून मनात होता. वायफायवर चालणारा, २ मेगापिक्सेलचा, आयपी६६ दर्जाचा (म्हणजे धूळ आणि पाण्याचा जोरदार मारा सोसणारा) हा कॅमेरा आम्ही साडेतीन हजारांच्या आसपास घेतला. दिवसाचे चित्र स्वच्छ आहे, ॲप समजायला सोपे आहे आणि दोन पावसाळ्यांत आत पाणी शिरलेले नाही. त्यामुळे येथे मी प्रामुख्याने त्याच्या हालचालीच्या सूचनांविषयी लिहिणार आहे, कारण बंद घरासाठी कॅमेऱ्याची खरी किंमत त्यावरच ठरते.

पहिल्या वर्षी आर्द्रा नक्षत्रातल्या एका रात्रीत मला ६८ सूचना आल्या. सकाळी काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "कोण येवक नाय गो, माडाची चुडतां हालतत ती." असे चार-पाच दिवस झाल्यावर मी रात्री फोन मुका करून ठेवू लागले. खरोखर कोणी आवारात आले असते तरी मला ते सकाळीच कळले असते, ही गोष्ट लक्षात आल्यावर मी या विषयाकडे गंभीरपणे पाहिले.

असे कॅमेरे चित्रणाच्या एका चौकटीतील (फ्रेममधील) उजेड-अंधाराची तुलना पुढच्या चौकटीशी करतात आणि पुरेसा भाग बदलला की हालचाल झाली असे मानतात. झावळीची सावली, रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीचा प्रकाशझोत आणि चालत येणारा माणूस यांत या हिशेबाला मूलतः फरक दिसत नाही. शरीराच्या उष्णतेवर चालणारे पीआयआर संवेदक झाडे आणि सावल्यांच्या बाबतीत अधिक समजूतदार असतात, परंतु आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी जांभ्याचे अंगण इतके तापते की माणूस आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरकच कमी होतो व संवेदक माणसाला चुकवू शकतो. शिवाय समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे माणूस त्याला लवकर कळते, त्यामुळे तो बसवताना पाणंदीची दिशा पाहावी लागते.

आमच्या त्रासाचे पहिले कारण बसवण्यातच होते. बसवणाऱ्या माणसाने कॅमेरा खळ्यातल्या मांडवाच्या लाकडी खांबावर लावला होता. वारा सुटला की खांब किंचित हले आणि त्याबरोबर अख्खे चित्र हले, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने सारे आवारच चालू लागे. तो चिऱ्यांच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पावणेतीन मीटर उंचीवर, थोडा खाली झुकवून घेतला. आकाश आणि माडांचे शेंडे चौकटीबाहेर गेल्यावर वाऱ्याच्या बहुतेक सूचना थांबल्या. खाऱ्या हवेत साधे स्क्रू वर्षभरात गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

भिंतीवर नेल्यावर नवीनच अडचण आली, ती पागोळ्यांची. कौलांवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा भिंगापासून हातभर अंतरावर होत्या आणि रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांचा उजेड त्यांच्यावर पडून त्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांसारख्या दिसत. तेवढ्या भागापुरती मीटरभर पीव्हीसीची पन्हळ लावल्यावर हा प्रश्न मिटला. कोणत्याही सेटिंगने इतका फरक पडला नसता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भिंगाला चिकटूनच दिवे असणे हा मात्र या कॅमेऱ्याच्या रचनेतला दोष आहे, आणि या किमतीच्या जवळजवळ सर्व कॅमेऱ्यांत तो आढळतो. जवळून जाणारा थेंब, पतंग किंवा कोळ्याचा एक धागा मोठा आणि तेजस्वी दिसतो. मी अंगभूत दिवे बंद करून ८५० नॅनोमीटरचा वेगळा अवरक्त दिवा दोन मीटर बाजूला, पडवीच्या कोपऱ्यात लावला. रात्रीचे रंगीत चित्र देणारा पांढरा दिवा तर पहिल्या पावसानंतर मुळीच चालू ठेवू नये, कारण वाळवीची पंखवाली पाखरे त्या उजेडावर झुंडीने येतात आणि त्यांच्यामागे पाली. कोळिष्टके मात्र तरीही होतातच. काका आठवड्यातून एकदा लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ती काढतात, आणि या एका सवयीचे मोल मी फार मानते.

ॲपमधले बदल मी सर्वांत शेवटी केले. लक्ष ठेवण्याचा भाग बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या फाटकापासून, पडवीच्या पायरीपर्यंतच आखला, गडग्यापलीकडचा (दगडी कुंपणापलीकडचा) रस्ता वगळला. चित्रण आणि सूचना यांची सेटिंगे वेगवेगळी असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कार्डावरचे चित्रण प्रत्येक हालचालीला चालू ठेवले आणि फोनवरची सूचना फक्त माणूस ओळखल्यावर यावी असे केले. ही ओळख कॅमेऱ्यातच होते की इंटरनेटवरून, हे घेण्यापूर्वी अवश्य विचारावे, कारण वादळी पावसात जोडणी जाते ती नेमकी गरजेच्या वेळी. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून त्याला लहान बारा व्होल्टचा यूपीएस जोडला आहे.

यानंतर रात्रीच्या सूचना दोन-तीनवर आल्या आणि मी निश्चिंत झाले होते, पण खात्रीसाठी दुसऱ्या पावसाळ्यात काकांना रात्री बेडे उघडून तीन वेळा पायरीपर्यंत चालायला सांगितले. दोनदा सूचना आली. तिसऱ्यांदा त्यांनी पावसामुळे छत्री खाली धरली होती, डोके आणि खांदे झाकलेले होते, आणि कॅमेऱ्याने त्यांना माणूस मानले नाही. उलट गडग्यावर बसलेल्या वानराला तो दिवसाढवळ्या माणूस म्हणतो. म्हणून पायरीजवळच्या छोट्या चौकोनासाठी मी माणसाची अट काढली, तेथे आकाराने मोठ्या कोणत्याही हालचालीला सूचना येऊ दिली आणि संवेदनशीलता एक पायरी वाढवली. मुसळधार पावसात आता रात्रीला पाच-सहा खोट्या सूचना येतात. त्या मी उठून पाहते, आणि फोन आता मुका नसतो.