क्लचवालं फ्लेअरिंग टूल: डिजिटल गेजच्या आधी हे घ्या

एसीच्या लाइनमध्ये नवीन आलेली पोरं पहिला पैसा डिजिटल गेजवर, म्हणजे गॅसचं प्रेशर मोजायच्या मीटरवर घालतात. ग्राहकासमोर पेटी उघडली की छाप पडते, मान्य. पण स्प्लिटचा गॅस गेल्याचे जे कॉल मला येतात, त्यातले बहुतेक शोधत शोधत फ्लेअर नटापाशीच, म्हणजे तांब्याच्या पाइपाचं कर्ण्यासारखं पसरवलेलं तोंड (फ्लेअर) नटाने आवळतात त्या जोडापाशीच येऊन थांबतात. साबणाचा फेस लावला की तिथेच बुडबुडा.

हा फ्लेअर करायला मी वापरतो ते एक्सेंट्रिक कोनचं, क्लचवालं टूल. कंपनी कुठली ते गौण, या घडणीची टूलं आता बरेच जण काढतात. जुन्या टूलमध्ये कोन सरळ खाली रेटला जातो. तांबं ताणतं, कड पातळ होते, कधी चिरतेही. यात कोन मध्यापासून जरा सरकवलेला असतो, त्यामुळे तो पाइपाच्या तोंडात गोल फिरत तांबं हळूहळू दाबत जातो. ४५ अंशांचा फ्लेअर पुरा झाला की क्लच कटकट वाजतो आणि दांडा मोकळा फिरतो. मग हात आवरायचा. फ्लेअर उजेडात धरून बघा, आतून आरशासारखा निघतो.

जुन्या एसीतल्या आर-२२ गॅसच्या काळात उन्नीस-बीस खपून जायचं. आताच्या आर-३२ गॅसचं प्रेशर त्याच्या दीडपटीहून जास्त, त्यात आमच्या नागपुरात मे महिन्यात गच्चीवरचं आउटडोअर ४५ डिग्रीत तापत बसलेलं. कडेवरचा एक ओरखडाही भारी पडतो.

टूल कितीही भारी असलं तरी कापलेल्या पाइपाची कड साफ करायला रीमर लागतोच. बर (कडेला राहिलेली तांब्याची धार) काढताना पाइपाचं तोंड खाली धरा, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो. आणि नट आवळायला टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना: दोन सुती (पाव इंची) पाइपाला साधारण १५, चार सुतीला (अर्धा इंची) ५५ न्यूटन-मीटर. सुंदर फ्लेअर करून वर दीडफुटी पान्याने लटकणारे महाभाग मी पाहिलेत.

खोट काढायची तर टूल जड आहे, आणि भिंतीला लागून पाइपाचा आखूड तुकडा उरला असेल तर त्याचा बार (पाइप धरणारी भोकांची पट्टी) तिथे बसतच नाही. त्यासाठी पिशवीत जुनं टूल ठेवावंच लागतं. किंमत साध्याच्या तीन-चारपट. घेताना बारवरची भोकं इंचाची आहेत ना, तेवढं बघा. मिलिमीटरचा बार आपल्या पाइपाला नीट धरत नाही.