चौदा महिने, एक जुनी हॅचबॅक आणि डाव्या पायाखालची ओल

2013 ची एक लिटर, तीन सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक. घेतली 1,85,000 ला, काटा 71 हजारांवर, पासिंग सांगलीचं, मालक दुसरा. चौदा महिन्यांत 13 हजार किलोमीटर झाले. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थेट पुढच्या डाव्या सीटखालच्या मॅटिंगवर येतो. या गाडीबद्दलचं मत तिथेच दोनदा फिरलं.

पहिले तीन महिने तक्रार नव्हती. जुलैत एसी लावला की कुबट वास यायला लागला. मग डावी पॉवर विंडो मधेच रखडायची, इंडिकेटर कधी भराभर लुकलुकायचा. एका वर्कशॉपने मॅटिंगचा कोपरा उचलला, ओल बघितली आणि निकाल दिला: पाण्यात गेलेली गाडी, पूर्ण वायरिंग बदला, मॅटिंगसकट 24 हजार.

सांगलीत हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक गार पडतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी इथल्या कितीतरी गाड्या त्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्या काही सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. त्यामुळे संशय रास्त. पण संशयापायी 24 हजार मोजण्याआधी दोन तास स्क्रूड्रायव्हर चालवायला काय हरकत आहे?

पुराचं पाणी गाळ आणतं. मॅटिंग शॅम्पूने धुता येतं, वास परफ्यूमने मारता येतो, गाळ मात्र कोपऱ्यात राहतोच. म्हणून जिथे कुणी धूत नाही तिथे बघायचं. पुढचे-मागचे सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर मातकट पट्टा दिसतो का पाहा. बेल्टच्या टोकाला शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. 2013 च्या गाडीत बेल्ट नंतरच्या सालाचा निघाला, तर तो बदललाय, बहुतेक पाण्यामुळे नाहीतर अपघातामुळे. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्याचा तळ आणि जॅकची खाच, सीटच्या रेल, टेललॅम्पच्या आतली बाजू आणि डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या टॉर्च मारून बघा. त्या पट्ट्या शोरूममधून निघाल्यापासून कुणी पुसलेल्या नसतात. तिथे बोटाला बारीक चिकणमाती लागली, तर गाडी कितीही चमकू द्या, पुढे बघू नका.

या गाडीत यातलं काहीच नव्हतं. बेल्ट 2013 चेच, स्टेपनीखाली नुसती कोरडी धूळ. ओल फक्त पुढे डावीकडे, आणि ती स्वच्छ पाण्याची. दोष निघाला एसीच्या ड्रेन पाइपचा. पावसाळी हवेत एसी पंधरा मिनिटं चालला की गाडीखाली डाव्या बाजूला पाणी ठिबकलंच पाहिजे. इथे एक थेंब नाही. सगळं पाणी आत मॅटिंगखालच्या स्पंजात मुरत होतं, आणि वरून आधीच्या मालकाने प्लॅस्टिकचं लॅमिनेशन मारून घेतलेलं, म्हणजे वाळायला वाटच नाही. (हे लॅमिनेशन जुन्या गाडीत दिसलं की आधी उचलायचं. विकणारा 'मस्त फ्लोअरिंग केलंय' म्हणून तेच दाखवतो.) गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी खालून पाइपात हळूच सरकवली, पाऊण लिटर पाणी भदाभदा बाहेर. लोखंडी तार घालू नका, आतला प्लॅस्टिकचा खोका फुटतो.

पुढे डावीकडे ओल येण्याची आणखी दोन कारणं असतात. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाला अडकून पावसाचं पाणी आत वळतं. एसी बंद ठेवून जाळीवर दोन तांबे पाणी ओतलं की कळतं. आणि ओल चिकट, गोडसर वासाची असेल, काचेवर सारखी वाफ धरत असेल, तर हीटरचा रेडिएटर गळतोय. ते मात्र खर्चिक, डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

आता विंडोचं. डाव्या दाराशेजारी, पायाजवळच्या प्लॅस्टिक कव्हरमागे अर्थिंगचा बोल्ट आहे, तो ओलीने हिरवा पडला होता. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी अर्थिंगच्या त्या टोकाला लावली: 0.6 व्होल्ट. 0.1 च्या आसपास असेल तर ठीक म्हणायचं. बॅटरीचा निगेटिव्ह काढून बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने टोक आणि पत्रा घासला, परत आवळून वर ग्रीस: 0.04. वायरमनने घेतले 350 रुपये. मॅटिंग काढायला सीट सोडाव्या लागल्या, स्पंज तीन दिवस उन्हात. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या यंत्रणेचा. बॅटरी सोडून थोडा वेळ गेल्याशिवाय हात लावू नका.

24 हजार आणि 350. हा आकडा अजून डोक्यातून जात नाही.

बाकीचं थोडक्यात. क्लच 7,500 (चौथ्या गिअरमध्ये चढाला ॲक्सिलरेटर दाबला, आरपीएम वाढला आणि स्पीड नाही, हे घेतानाच कळायला हवं होतं), दोन टायर 7,000, बॅटरी 4,200, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड (सस्पेन्शनचे भाग) 3,400, रेडिएटर धुऊन नवा कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) 1,100. बेरीज 23,200, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलेलं होतं. आपल्याकडच्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो, म्हणून कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन गार असताना उघडून रंग बघाच. मायलेज शहरात एसी लावून 14-15, हायवेला 18. पाच माणसं आणि एसी घेऊन घाटात दुसरा गिअर सुटत नाही, तिथे अपेक्षा ठेवू नका.

कागदांत एक गोष्ट लोक बघत नाहीत: जुन्या विमा पॉलिसी. पुरानंतरच्या वर्षीच्या फुल पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य झालेला असेल आणि तेव्हा मालक बदललेला नसेल, तर बहुतेक आधी क्लेम झालाय, कशाचा ते विचारा. नुसती थर्ड पार्टी असेल तर बोनसच नसतो, मग कागद गप्प. बोनस गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, हेही हिशोबात धरा. बँकेचा बोजा उतरवलेला असावा, आणि 2028 ला पंधरा वर्षं भरली की पुन्हा पासिंगची फी, फिटनेस आणि पर्यावरण कर आहेच.

पुराची भीती नको म्हणून दुष्काळी जत-आटपाडीकडची गाडी शोधणारे खूप आहेत. बेत वाईट नाही, पण तिथली धूळ एअर फिल्टर आणि बुश खाते. शिवाय आरसीवरचा पत्ता म्हणजे गाडी तेव्हा तिथेच उभी होती असं नाही.

तर 1,85,000 जास्त झाले का? क्लच आणि टायर धरून 1,70,000 ला बसायला हवी होती. गाडी मात्र घेण्याजोगीच निघाली. डावी काच आता सरळ चढते, मागची उजवी अजून रखडते, ती बहुतेक रबराची. ड्रेन पाइप मृगाच्या आधी एकदा साफ.