ग्रेट डेन की सेंट बर्नार्ड: आपल्या घराला कोणता झेपेल?

गेल्या महिन्यात धाकट्या मावसभावाचा फोन आला. दोन्ही मुलं हट्टाला पेटलीत, कुत्रा हवा आणि तोही मोठाच. ग्रेट डेन घेऊ की सेंट बर्नार्ड? आमच्याकडे पुण्यात सहा वर्षं डेन आहे. नाशिकला आत्याकडे सेंट बर्नार्ड होता, त्याच्या पाठीला टेकून तिची नातवंडं वाढली. दोघांवरही माझा जीव आहे. तरी मी लगेच सांगितलं, आपल्या हवेत बर्नार्ड नको.

वजनात दोघांत फार फरक नाही. भरलेला नर ६० ते ८० किलोंच्या घरात जातो. डेन उंच आणि सडसडीत, खांद्यापाशीच ७६ सेंटीमीटरच्या पुढे. बर्नार्ड रुंद, भरीव हाडाचा. खरा फरक कातडीवर आहे. बर्नार्ड घडला तो स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवरच्या मठात. बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधणं हे त्याचं काम. त्यांतला बारी (१८००–१८१४) इतका नावाजला की त्याचं जतन केलेलं शरीर आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. त्याने ४० हून जास्त जीव वाचवल्याचं सांगतात. त्या थंडीसाठीची दाट दुहेरी केसांची शाल घेऊन हा जीव नाशिकचा एप्रिल काढणार. आखूड केसांचा बर्नार्डही मिळतो, पण आतली लव त्यालाही असतेच.

आत्याचा कुत्रा मार्चपासून न्हाणीघराच्या फरशीवर पडून असायचा. फिरवणं पहाटे पाचला, नाहीतर रात्री नऊनंतर. शेवटी त्याच्यासाठी एसी घेतला, पण वीज गेली की घरातले सगळे ओली फडकी घेऊन त्याच्याभोवती. उन्हाळ्यात त्याचे केस पार भादरू नका, उघड्या कातडीला ऊन लागतं.

डेन नावाने डेन्मार्कचा वाटतो, पण वाढला जर्मनीत, रानडुकरांच्या शिकारीवर. केस आखूड, एकेरी. मे महिन्यातली दुपार त्यालाही नको, पण पंख्याखाली तो निभावतो. डिसेंबरात मात्र आमच्याला अंगावर घोंगडी लागते.

लहान मुलांपाशी मी बर्नार्डला झुकतं माप देईन. तो सावकाश हलतो, रांगतं बाळ दिसलं की थांबतो. डेन दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत शरीराने घोडा आणि मनाने पिल्लू असतो. त्याची शेपटी टीपॉयवरचे कप उडवते आणि तीन वर्षांच्या मुलाच्या बरोबर तोंडावर बसते. रागाने तो काही करत नाही. प्रेमाने अंग टेकतो आणि मूल आडवं होतं. केस आणि लाळ यांत मात्र डेन सुसह्य. आत्याच्या घरी पडद्यांवरसुद्धा लाळेचे वाळलेले ओघळ असायचे.

डेन घेणाऱ्याला एक आजार माहीत असायलाच हवा. जठरात वायू भरून ते पिळवटतं. कुत्र्यांच्या जातींत हा धोका सर्वांत जास्त डेनला, बर्नार्डलाही बराच. पोट टम्म फुगतं, कुत्रा ओकायला बघतो पण काही पडत नाही, एका जागी बसत नाही. हाताशी काही तासच असतात, सकाळपर्यंत थांबायचं नाही. म्हणून रात्री शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आधी शोधा, पिल्लू मग. ते पिळवटू नये म्हणून जठर आधीच पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधतात. नसबंदीच्या वेळीच ते करून घेता येतं. आम्ही घेतलं. खाणं दिवसातून दोनदा, आणि खाल्ल्यावर तासभर पळापळ नाही. पिल्लाला हाडं मजबूत व्हावीत म्हणून वेगळं कॅल्शियम देऊ नका, उलट सांधे बिघडतात.

खर्च दोघांचाही सारखाच. आमच्याला रोज पाऊण किलोच्या वर सुकं खाणं लागतं, आणि गोचिडाच्या गोळीपासून भुलीपर्यंत सगळी मात्रा वजनावर ठरते.

आयुष्य दोघांचंही थोडं. डेन सात ते दहा वर्षं, बर्नार्ड आठ ते दहा. आणि शेवटच्या वर्षी मागचे पाय सुटतात. आत्याच्या कुत्र्याला चादरीच्या झोळीत घालून चौघांनी गाडीपर्यंत नेलं. घर तळमजल्यावर होतं म्हणून ते जमलं.

हे बोलता बोलता आठवलं, मावसभाऊ दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. वाढत्या पिल्लाने रोज चार वेळा जिना चढायचा, आणि म्हातारपणी त्याला उचलायचं कोणी? घरात वहिनी, दोन मुलं आणि कंबर दुखणारे काका. मी माझं म्हणणं बदललं, या घरात दोन्ही नको. दिवाळीनंतर त्यांना लिफ्ट असलेल्या घराचा ताबा मिळतोय, तेव्हा डेन आणा. प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी कुत्र्याला लिफ्ट नाकारू शकत नाही, पण शेजाऱ्यांची आधी ओळख करून घ्या. एवढा कुत्रा अचानक समोर आला की माणूस घाबरतोच.

तो थांबायला तयार झाला. तोवर दर रविवारी मुलं आमच्याकडे येतात. थोरल्याला डेनचा पट्टा धरायला अजून देत नाही. तो पाण्याचं घमेलं भरतो, धाकटी ब्रश फिरवते, आणि डेन तिच्या अंगावर रेलू लागला की ती आता आपणहून भिंतीला पाठ लावून उभी राहते.