स्मोक अलार्म: बॅटरी बदलायचा घ्यावा की सीलबंद?

जुना स्मोक अलार्म उतरवून नवा लावायचा ठरला की दोन प्रश्न पुढे येतात: आत सेन्सर कुठला आणि बॅटरी कुठली. पहिल्यात फार वेळ घालवू नका. धुमसत राहणाऱ्या आगीचा, म्हणजे गादी, सोफा असल्या गोष्टींचा धूर फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा) सेन्सर आधी पकडतो. एकदम भडकलेल्या ज्वाळा आयोनायझेशनवाल्याला (किंचित किरणोत्सारी पदार्थाच्या मदतीने धूर ओळखणाऱ्या सेन्सरला) लवकर कळतात. पण हा दुसरा स्वयंपाकघराच्या आसपास असला की ऊठसूट बोंबलतो, आणि मग वैतागून कोणीतरी तो काढूनच ठेवतं. मी फोटोइलेक्ट्रिकच लावतो. दोन्ही सेन्सर एकात असलेला मिळाला तर उत्तमच.

खरा घोळ बॅटरीचा आहे. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दर वर्षी बदलायची, की १० वर्षांची लिथियम बॅटरी आत कायमची बसवलेला सीलबंद अलार्म घ्यायचा? मी दोन्ही वापरले आहेत.

बॅटरी बदलायच्या अलार्मची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. वस्तू तुमच्या ताब्यात राहते. कुरकुर सुरू झाली तर झाकण उघडून बघता येतं: बॅटरीची टोकं नीट टेकली आहेत का, कोणी घाईत रिचार्जेबल तर घातली नाही ना (ती इथे चालत नाही, आपोआप उतरत जाते आणि इशारा द्यायलाही जोर उरत नाही). जाळीत धूळ किंवा एखादा कोळी बसला असेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने तो निघतो. अर्थात, हे शेवटचं काम सीलबंद अलार्मलाही करावंच लागतं. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबणंही कुणाला चुकत नाही.

आता माझी गोष्ट. पहाटे साडेतीनला 'टिक्' असा एक आवाज आला. डोळा लागतो न लागतो तोच परत टिक्. बॅटरी उतरल्याचा हा इशारा पहाटेच का येतो, याला कारण आहे. घर त्या वेळी सगळ्यात थंड असतं, थंडीत बॅटरीचा व्होल्टेज आणखी थोडा खाली येतो आणि काठावरची बॅटरी तेव्हाच काठ ओलांडते. सकाळी घर तापलं की अलार्म गप्प होतो आणि आपण विसरून जातो.

घरात तीन अलार्म होते. तो आवाज इतका बारीक आणि क्षणभराचा असतो की कुठून आला ते कानाला कळतच नाही. मी एकेका अलार्मखाली स्टूल घेऊन उभा राहिलो, मान वर करून, चाळीस-पन्नास सेकंद वाट बघत. टिक् व्हायचं ते हमखास दुसऱ्याच खोलीत. शेवटी गुन्हेगार सापडला, बॅटरी काढली, स्टुलावरून उतरलो आणि पुन्हा टिक्! आतल्या सर्किटमध्ये थोडी वीज साठून राहते. बॅटरी काढल्यावर टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं की ती संपते. हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं. अलार्म उशीखाली घेऊन झोपलो.

इथवर नुसता वैताग होता. निर्णय पुढे झाला. 'उद्या बॅटरी आणू' म्हणून तो अलार्म परत छतावर अडकवला, झाकण उघडंच. तो तीन आठवडे तसाच होता. मी रोज त्याच्याखालून जात होतो. बेडरूमच्या दारावरचाच अलार्म, आणि आत बॅटरी नाही.

दोष माझाच, मान्य. पण जी वस्तू माझ्या आळसावर अवलंबून आहे ती मला नको, असं तेव्हा वाटलं. सीलबंदमध्ये काढायला बॅटरीच नसते. तो भिंतीवरच्या प्लेटवर फिरवून बसवला की सहसा आपोआप सुरू होतो.

'बॅटरी संपली म्हणून अख्खा अलार्म टाकायचा?' हा आक्षेप मीही घेतला होता. पण सेन्सरचं आयुष्यही साधारण १० वर्षांचंच धरतात, त्यामुळे बॅटरी बदलायचा अलार्मसुद्धा तेव्हा टाकावाच लागतो. हिशेब खरेदीच्या नाही, पाठीवर छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून करायचा. म्हणून घेताना अलार्म उलटा करून बघा. गोदामात दोन वर्षं पडून राहिलेला असेल तर तेवढी वर्षं गेली.

सीलबंदची एक अडचण मात्र खरी आहे. तो मध्येच बिघडला तर करण्यासारखं फार काही उरत नाही. धूळ काढायची, आणि तरीही टिक् थांबली नाही तर पूर्ण बदलायचा. बाथरूमची वाफ रोज लागून तो वारंवार वाजत असेल तर बॅटरीही वेळेआधी संपते. तशा जागी बॅटरी बदलायचा बरा, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी स्वतः आधी अलार्मची जागा हलवून बघेन. टाकून देताना पाठीमागची छोटी कळ सरकवून तो कायमचा बंद करायचा आणि ई-कचऱ्यात द्यायचा. पुष्कळ मॉडेलांत ही सोय असते.

तुम्ही वर्षातला एक दिवस ठरवून सगळ्या बॅटऱ्या खरोखर बदलणाऱ्यांपैकी असाल, तर पहिला प्रकार खुशाल घ्या. मी तसा नाही. माझ्याकडे आता दोन सीलबंद आहेत, बदलायच्या तारखा मार्करने कडेवर लिहिलेल्या. जिन्यातला जुना अजून आहे, त्याची दोन वर्षं बाकी आहेत. त्याची नवी बॅटरी ड्रॉवरमध्ये आहे, अजून पाकिटातच.